तेहतीस किलोची पोर

आमच्या आखाड्यात रोज दोन पातेली चढतात. मोठ्या पातेल्यात वजन वाढवायचं असलेल्या पोरींची खिचडी, वरून तूप, बाजूला सायीचं दही. छोट्या पातेल्यात वजन उतरवायचं असलेल्या पोरींसाठी मुगाचं पाणी, त्यात मीठसुद्धा नाही. एकवीस पोरी आणि रोट्या थापणारे हात दोन, तेही माझे. मला सगळे धनपती काकी म्हणतात. नवरा गेल्यावर मी इथे आले, त्याला आता चौदा वर्षं झाली.

स्वयंपाकघराच्या दारातच वजनकाटा ठेवलाय. त्याच्यावरच्या भिंतीवर खडूने प्रत्येक पोरीचं नाव आणि तिचा गट लिहिलेला. ताटाला हात लावायच्या आधी काट्यावर उभं राहायचं, आकडा मला दाखवायचा, मग मी ठरवणार कोणतं पातेलं. हा राजरूप गुरुजींचा नियम. म्हणजे कोण किती खातं, कोण कशाला रडतं, कोण लपून बिस्किटं खातं, हे गुरुजींच्या आधी मला कळतं. किमान मला तसं वाटायचं.

एक सांगून ठेवते, मी थोडी मिजासखोर आहे. अठ्ठावन्न वर्षांची झाले, पण तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. कडुलिंबाची काडी आणि भाजलेले हरभरे, बाकी काही नाही. पोरींसमोर मी अक्रोड दातांनी फोडून दाखवायचे. गुरुजी पन्नाशीच्या आतले, पण त्यांचे वरचे सगळे दात बसवलेले. कुठल्यातरी जुन्या कुस्तीत पडले असं आखाड्यात सगळेच मानायचे, आणि गुरुजीही कधी नाही म्हणाले नाहीत. मी त्यांना चिडवायची, "गुरुजी, ऊस सोलून देऊ का?" ते नुसते हसायचे.

मनीता आली तेव्हा अकरा वर्षांची होती. बाप सूबेसिंग ट्रक चालवतो, तीन पोरींत ही मधली. पोरीला सोडायला आला तेव्हा गुरुजींना म्हणाला, "राज्याच्या संघात आली तर शिकेल, खेळेल. माझा विरोध नाही. पण आमच्याकडची शाळा आठवीपर्यंत. नाही आली संघात, तर आठवीनंतर घरी नेणार. माझी आई आताच विचारते, हिचं कुणाशी जमवायचं." पोर बाजूला पत्र्याच्या पेटीवर बसून ऐकत होती. मी तिला ताकाचा पेला दिला, तो तिने एका दमात रिकामा केला आणि विचारलं, "अजून आहे?" त्या क्षणापासून ती माझी झाली.

दोन वर्षांत तिची पकड अशी बसली की मोठ्या पोरी तिच्याशी सरावाला नको म्हणायच्या. आठवी सुरू झाली. फाल्गुनात रोहतकला राज्याची निवड होती, तेहतीस किलोच्या गटात. हीच शेवटची संधी. वरचा गट छत्तीसचा, आणि त्यात सोनिपतकडची एक पोर होती, तिने मनीताला मागच्या वर्षी दीड मिनिटात आडवं केलं होतं. म्हणून गुरुजींनी भिंतीवर लिहिलं, मनीता, तेहतीस.

आणि नेमकी त्याच हिवाळ्यात पोर वाढायला लागली. सलवार घोट्याच्या वर गेली. काटा चौतीस दाखवायचा, कधी साडेचौतीस. तिची रवानगी छोट्या पातेल्यावर झाली.

वजन उतरवण्याची एक युक्ती आमच्या आखाड्यात जुनी आहे. संत्र्याची आंबटगोड गोळी तोंडात धरायची, सुटेल ती लाळ गिळायची नाही, बाटलीत थुंकायची. तासाभरात शंभर-दीडशे ग्रॅम कमी होतात. गुरुजी स्वतः तरुणपणी हेच करायचे. त्यांचं सांगणं होतं, शेवटचे दोन दिवस फक्त. म्हणून गोळ्यांची बरणी माझ्या कपाटात, आणि किल्ली माझ्या कमरेला.

दोन दिवसांचे चार महिने मी केले. दुसऱ्या कुणी नाही, मीच.

काय करणार? पोर मुगाचं पाणी पिऊन उठायची आणि मोठ्या पातेल्याकडे बघत राहायची. बासष्ट किलोच्या गटातली सुदेश समोर बसून तुपात बोटं बुडवून खायची. मनीता नुसती बघायची. मला ते बघवायचं नाही. मी किल्ली काढायची आणि तिच्या मुठीत दोन गोळ्या ठेवायची. "चघळ आणि थुंकून टाक. पोटात जात नाही म्हणजे खाल्लं नाही." सकाळी शाळेत जाताना दोन, दुपारी दोन. झोपताना पोट भुकेने वळायचं तिचं, तेव्हा आणखी एक. ती गालात धरूनच झोपी जायची. मी पांघरूण सारखं करायची आणि गालावरचा तो फुगवटा बघून मला बरं वाटायचं. लेकराच्या तोंडात काहीतरी गोड आहे, एवढंच मला दिसायचं.

आणि ती बरणी एकट्या माझ्या लाडकीची नव्हतीच. छोट्या पातेल्यावरच्या सगळ्याच पोरी तिथे यायच्या, आणि मी सगळ्यांनाच द्यायची.

माघात एका दुपारी मी पीठ मळत होते तेव्हा मनीता आली. "काकी, बघ ना. मागे दुखतंय."

"आ कर."

तिने तोंड उघडलं. माझे हात पिठात, तिची पाठ खिडकीकडे, अंधारात काय दिसणार? मागे हिरडी लाल दिसली आणि काहीतरी काळं. मी म्हणाले, "चौदावं लागलंय, मागची दाढ येतेय. येताना दुखतेच. मला आली तेव्हा मी दोन दिवस कापणी केली, कुणाला कळलंही नाही." लवंग दिली. ती गेली.

त्यानंतर मनीताचं खाणं आणखी कमी झालं. वाट्याची एक रोटीही ताकात बुडवून लगदा करायची आणि गिळायची. हरभरे दिले तर ओढणीत बांधून घ्यायची. आकडा खाली यायला लागला. मी सगळ्या पोरींसमोर म्हणाले, "बघा, याला म्हणतात मन मारणं. शिका हिच्याकडून काहीतरी. नाहीतर ती सुदेश, तिला स्वप्नातसुद्धा हलवा दिसतो."

सुदेश म्हणाली, "काकी, हलवा नाही दिसत. हलव्याची कढई दिसते."

सगळ्या हसल्या. मनीता ओठ मिटून हसली. ती ओठ मिटून हसायला लागली होती, हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. आजही ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

निवडीच्या आदल्या दिवशी सकाळी काटा म्हणाला तेहतीस पूर्णांक सहा. सहाशे ग्रॅम जास्त. गुरुजींनी तिला दोन स्वेटर घालून पळायला लावलं. दुपारी ती परत आली तेव्हा डोक्याला आणि गळ्याला मफलर गुंडाळलेला, कालपासून असाच. मला वाटलं घाम निघावा म्हणून. पण ती स्वयंपाकघरात न येता मागच्या पडवीत जाऊन बसली, हातात थुंकायची बाटली. मी पाठोपाठ गेले आणि मफलर ओढला.

डावा गाल सुजून डोळ्याखालपर्यंत आला होता. हात लावला तर चटका बसला.

"हे काय गं? कधीपासून?"

"काल," ती म्हणाली. मग म्हणाली, "परवा." शब्द तोंडात घास असल्यासारखे येत होते.

"मी गुरुजींना हाक मारते."

तिने माझं मनगट धरलं. तेहतीस किलोची पोर, पण ती पकड मला सोडवता येईना. तशीच मला ओढत अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेली. आता सगळं गादीवर चालतं, पण त्या कोपऱ्यात कुस्तीचा जुना मातीचा हौद अजून आहे. रोज सकाळी पोरी त्या मातीला हात लावूनच आत जातात. त्या मातीवर दिलेला शब्द आमच्याकडे कुणी मोडलेला मी चौदा वर्षांत पाहिला नाही. तिने मूठभर माती उचलली आणि माझ्या हातात कोंबली.

"म्हण. उद्या कुस्ती होईपर्यंत कुणाला सांगणार नाहीस."

"मनीता, हे वेड आहे."

"काकी, गुरुजींना कळलं तर ते नेणार नाहीत. नाही नेलं तर बापू येईल, पेटी उचलेल. मग पुढे काय?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "उद्या दुपारपर्यंत. मग दाढ काढ, जबडा काढ, काय वाटेल ते काढ. म्हण."

मी म्हणाले. माती हातात घेऊन शब्द दिला. मला वाटलं, दाढेचंच तर दुखणं आहे, एका दिवसाने कोण मरतंय. संध्याकाळी हळद आणि मीठ गरम करून शेकलं, तापाची अर्धी गोळी दिली. आणि वर, वजन अजून दोनशे ग्रॅम जास्त होतं म्हणून, हातात संत्र्याच्या चार गोळ्याही ठेवल्या. हो, मीच.

सकाळी जीपमध्ये आठ पोरी, गुरुजी आणि मी. माझ्या मांडीवर चुरम्याचा डबा. हाही आमचा रिवाज. वजन झालं रे झालं की पोरींना काकीच्या हातचा चुरमा मिळतो, रोटी कुस्करून त्यात भरपूर तूप आणि गूळ घातलेला. महिनाभर मुगाचं पाणी प्यायलेल्या पोरी त्या डब्याकडे देवाकडे बघावं तशा बघतात. मनीता खिडकीशी बसून बाटलीत थुंकत होती. मफलर नाकापर्यंत. गुरुजींनी मागे वळून विचारलं, "किती राहिलं?" तिने बोटं दाखवली, शंभर. ते म्हणाले, "होईल. थुंकत राहा."

रोहतकच्या त्या मोठ्या हॉलमध्ये काट्यापुढे रांग लागली होती. काट्यापलीकडे एका टेबलावर एक तरुण डॉक्टरीणबाई नखं आणि कातडी तपासत होती, नायटा वगैरे आहे का एवढंच. तोंडात कुणी बघत नव्हतं. मनीताने मफलर काढून केस गालावर ओढून घेतले होते. ती काट्यावर चढली. आकडा हलला, तेहतीस पूर्णांक एक दाखवला, खाली आला, आणि थांबला.

बत्तीस पूर्णांक नऊ.

गुरुजींनी हवेत मूठ उगारली. डॉक्टरीणबाईने तिचे हात उलटेपालटे केले आणि पुढे पाठवलं. झालं होतं. आता फक्त दोन कुस्त्या, दीड-दोन तास. मातीचा शब्दही तेवढाच होता. मी हॉलच्या कडेला चादर पसरली आणि डबा उघडला.

पोरी तुटून पडल्या. सुदेशला वजन उतरवायचं नव्हतंच, तरी ती सगळ्यांत पुढे. "हात आवर गं, बकासुराची नात," मी म्हणाले आणि मनीतासाठी मोठा लाडू वळून तिच्यापुढे धरला. "घे. आता खा. आता सगळं खा."

तिने लाडू हातात घेतला आणि ओठांजवळ नेला. ओठ उघडले, पण दातांमध्ये माझी करंगळीही गेली नसती. तिने एक कण जिभेवर ठेवला आणि तशीच बसली. मग पेल्यातून पाणी घेतलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं आणि तिच्या निळ्या जर्सीवर सांडलं. तिने बाही फिरवली, बाटली उचलली आणि तिच्यात थुंकली. परत थुंकली.

सुदेश तोंडभर चुरमा घेऊन म्हणाली, "काकी, वजन तर झालं. आता कशाला थुंकते ही?"

मी ते ऐकलं आणि हातातला डबा खाली ठेवला.

ती वजनासाठी थुंकत नव्हती. तिला स्वतःची लाळही गिळता येत नव्हती.

मी तिची हनुवटी वर केली. गालाची सूज आता गालात राहिली नव्हती. ती जबड्याखाली उतरली होती, दोन्ही बाजूंनी, आणि दाबली तर लाकडासारखी कडक लागत होती. श्वास घेताना गळ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. एवढ्या गोंगाटात कुणाला ऐकू आला नसता. माझा कान तिच्या तोंडाशी होता म्हणून मला आला.

"ऊठ," मी म्हणाले.

तिने मान हलवली. नाही.

मी तिला काखेत धरून उचललं. बत्तीस किलो नऊशे. पिठाचं पोतं मी त्याहून जड उचलते. गुरुजी समोर आले. "कुठे नेतेस? तिची कुस्ती दुसऱ्याच नंबरला आहे."

"डॉक्टरणीकडे. हिचा गळा बघा."

त्यांनी बघितलं. त्यांचा चेहरा उतरला, मी खोटं बोलणार नाही. पण ते म्हणाले, "धनपती, तासाभराचा प्रश्न आहे. पोरीची दोन वर्षं. कुस्ती झाली की मी स्वतः उचलून नेतो."

"तासाभरात हिचा श्वास राहील का, सांगा. लिहून द्या मला."

"काकी." मनीताचा आवाज आला. दात तसेच मिटलेले. "माती."

एवढंच म्हणाली. पण माझे पाय थांबले. आयुष्यात मी देवाला शब्द देऊन मोडलेत, नवऱ्याला देऊन मोडलेत, पण त्या मातीला कधी नाही. तिचे डोळे माझ्यावर होते. असं कुणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, आणि परत कुणी बघू नये.

"त्या मातीत मला पूर," मी म्हणाले आणि चालायला लागले.

डॉक्टरीणबाईने एकदा हनुवटीखाली बोट लावलं आणि खुर्चीवरून उठलीच. बॅटरी मागवली, चमच्याच्या दांड्याने दात जेमतेम उघडले, आत बघितलं. "जीभ वर उचलली गेलीय. ॲम्ब्युलन्स बोलवा, आत्ता. बसवून न्या, झोपवायचं नाही." मग माझ्याकडे वळली. "दाढेचा पू गळ्यात उतरलाय. संध्याकाळपर्यंत श्वासनळी बंद झाली असती. कुस्तीत कुणी मानेला हात घातला असता तर तेवढाही वेळ मिळाला नसता. कधीपासून दुखतंय?"

"महिना झाला."

"महिना? या वयाच्या मुलीच्या दाढा इतक्या कुजल्या कशा? हिला खायला काय देता तुम्ही?"

गुरुजी मागे उभे होते. पोरी गोळा झाल्या होत्या, कुणाच्या बोटांना अजून माझ्या चुरम्याचं तूप लागलेलं.

"मुगाचं पाणी," मी म्हणाले. "आणि गोळ्या. संत्र्याच्या. दिवसाला चार-पाच, झोपतानाही एक. चार महिने. माझ्या हाताने दिल्या."

ॲम्ब्युलन्सचं दार लागत होतं तेव्हा आतल्या भोंग्यावर तिचं नाव ऐकू आलं. मनीता, तेहतीस किलो, निळा. थोडं थांबून परत. मग तिसऱ्यांदा. मनीताने माझ्या हातातला हात काढून घेतला.

मोठ्या सरकारी इस्पितळात गळ्याला बाहेरून चीर देऊन पू काढला, नळी बसवली. त्या डाव्या बाजूच्या दोन आणि उजवीकडच्या दोन, अशा चार दाढा काढल्या. पहिले दोन दिवस ती वाचेल की नाही हे कुणी मला सरळ सांगत नव्हतं. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. संध्याकाळी सुदेश आली. तिची कुस्ती ती हरली होती, पण ते तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दिवशी ती फक्त म्हणाली, "काकी, तुम्ही गेल्यावर डॉक्टरणीने आम्हा सगळ्यांना तोंडं उघडायला लावली. मनीता सोडून छोट्या पातेल्यावरच्या पाचजणी होत्या ना आपल्याबरोबर? चौघींच्या दाढा किडलेल्या."

"आणि तुझ्या?"

"माझे दात छान आहेत म्हणाली." ती रडायला लागली. "मी एवढं खाते, काकी, आणि माझे छान."

गुरुजी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. मग त्यांनी तोंडात हात घातला आणि वरची कवळी काढून तळहातावर ठेवली. त्यांचं तोंड एकदम म्हाताऱ्यासारखं आत गेलं.

"सगळ्यांना वाटतं कुस्तीत पडले," ते म्हणाले. दातांशिवाय त्यांचे शब्द फसफसत होते. "एकही कुस्तीत गेला नाही, धनपती. मला ठाऊक होतं कशाने गेले. लाज वाटायची. मी म्हणालो दोनच दिवस, आणि समजलो की सांगून झालं."

मला त्यांचा राग आला, आणि राग धरायला तोंड नव्हतं. किल्ली माझ्या कमरेला होती.

सूबेसिंग तिसऱ्या दिवशी पोचला, ट्रक कुठेतरी आसामच्या वाटेवर सोडून. मी त्याला सगळं सांगितलं. काहीही राखून ठेवलं नाही, शब्द दिल्याचंही आणि मोडल्याचंही. वाटलं होतं ओरडेल. तो एवढंच म्हणाला, "मी घरी सांगायचो, तिथे तिची एक आजी आहे म्हणून काळजी नाही."

अकराव्या दिवशी मनीताला सोडलं. वजन एकोणतीस. बाप तिला घेऊन आखाड्यात आला तो पेटी न्यायलाच. पोरी पायरीवर ओळीने उभ्या. मनीताच्या गळ्याला पट्टी होती. माझ्याशी ती त्या दिवसापासून एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टरांनी बोलायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, सुदेशशी ती बोलायचीही. माझ्याशी नाही.

सूबेसिंगने पेटी बाहेर आणून अंगणात ठेवली. मी पुढे झाले. "भाऊ, चार महिने मी तिला उपाशी ठेवून गोळ्या चारल्या. मला चार महिने द्या. रोट्या चारते. इथे एकच पातेलं चढतं आता, आणि ज्या गटात पोर बसेल त्या गटात खेळेल. गुरुजींनी भिंत पुसलीय, बघा जाऊन. नाही पटलं तर मला हाकला, पण तिला नेऊ नका."

"निवड तर गेली," तो म्हणाला. "आठवी संपतेय. आता ठेवून काय?"

गुरुजी म्हणाले, "नववीचं इथल्या शाळेत मी बघतो. छत्तीसमध्ये उतरवू, एकोणचाळीसमध्ये उतरवू. जिंकेल असं म्हणत नाही. खेळेल."

सूबेसिंग वाकला आणि पेटीच्या कडीला हात घातला. पण मनीता आधीच येऊन पेटीवर बसली होती. दोन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी बसली होती तशी, दोन्ही हात गुडघ्यांवर. तिने बापाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. नुसती बसून राहिली. त्याने कडी एकदा ओढली, दोनदा ओढली. एकोणतीस किलो. त्याने सहज उचललं असतं.

तो सरळ उभा राहिला आणि कपाळ पुसलं. "पंधरा दिवस घरी राहील. तिच्या आईला बघायचीय ती," तो म्हणाला. "पेटी राहू दे."

ती उठली. पोरींनी तिला घेरलं, सुदेश हुंदके देत हसत होती. मी लांब उभी राहिले. मला जवळ जायचा हक्क वाटत नव्हता. फाटकापर्यंत ती बापाच्या मागे गेली आणि थांबली. मग एकटीच परत आली, पोरींना ओलांडून, थेट माझ्यापुढे.

उन्हाकडे तोंड करून तिने मान मागे टाकली आणि होईल तेवढं तोंड उघडलं. त्या दिवशी पिठाच्या परातीपाशी उघडलं होतं तसंच.

या वेळी मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि उजेडात नीट बघितलं. डावीकडे दोन खड्डे, उजवीकडे दोन.